राखण आणि राज्य : छोटानागपूरचा धडा

२४ डिसेंबर १८९९ ची रात्र, नाताळची पूर्वसंध्या. छोटानागपूरच्या पठारावरील सरवदा येथील मिशनवर त्या रात्री अंधारातून बाण येऊन पडले. बाण सोडणारे मुंडा तरुण बिरसा मुंडा यांचे अनुयायी होते. मिशनमध्ये राहत होते फादर योहान बाप्टिस्ट हॉफमान हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू. मुंडांची भाषा त्यांच्याइतकी क्वचितच कोणा परक्याने आत्मसात केली असेल. मुंडांच्या जमिनी ठेकेदार-सावकारांच्या घशातून सोडवाव्यात याचा त्यांना ध्यास लागलेला होता. तरीही बाण त्यांच्याच दारी आले.

बरोबर सत्त्याण्णव वर्षांनी, २४ डिसेंबर १९९६ रोजी, भारताच्या राष्ट्रपतींनी एका कायद्यास संमती दिली. अनुसूचित क्षेत्रातील प्रत्येक ग्रामसभा आपल्या रूढी-परंपरा, आपली सामुदायिक साधनसंपत्ती आणि आपसांतील तंटे मिटविण्याची आपली रीत सांभाळण्यास समर्थ आहे, असे या कायद्याने मान्य केले. ‘पेसा’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो.

दोन्ही तारखा नाताळच्या पूर्वसंध्येच्या असाव्यात हा निव्वळ योगायोग. परंतु या दोन रात्रींच्या मध्ये जो प्रश्न उभा आहे, तो योगायोगाचा नाही. आदिवासीचे रक्षण करणे आणि आदिवासीला त्याचा कारभार त्याच्या हाती देणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? आम्हां धर्मगुरूंना हा प्रश्न विशेष बोचावा असा आहे. कारण त्या इतिहासात आमच्यापैकी काहीजण राखणदार म्हणून उभे आहेत.

गाव आधी, सरकार मागून

आम्ही पुण्यास सेमिनरीत शिकत होतो, त्या काळी खुंटीकडचा एक मुंडा सहाध्यायी आमच्या शेजारच्या खोलीत राहत असे. बोलणे मोजके, पण जमिनीचा विषय निघाला की त्याला कंठ फुटे. तो एकदा म्हणाला, “आमच्या गावाला सरकारने जमीन दिलेली नाही. सरकार आले, तेव्हा गाव होतेच.” त्या एका वाक्यात छोटानागपूरचा अर्धा इतिहास आहे, हे आम्हांस पुढे कळले.

मुंडांच्या त्या व्यवस्थेस ‘खुंटकट्टी’ म्हणतात. ज्या कुळाने प्रथम रान तोडून गाव वसविले, त्या कुळाच्या वंशजांची ती सामाईक भूमी. गावाच्या प्रमुखासही ‘मुंडा’ म्हणत. तो गावाचा मालक नसे, बरोबरीच्या माणसांतला पहिला असे. अनेक गावे मिळून पट्टी होई आणि तिचा प्रमुख ‘मानकी’. तंटा निघाला तर जाणती माणसे एकत्र बसत आणि एकमत होईपर्यंत उठत नसत. पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या मोठ्या शिळा, ज्यांना ‘ससनदिरी’ म्हणतात, त्याच गावाच्या हक्काच्या खुणा. कागदाचा पट्टा मागणाऱ्यास मुंडा या शिळा दाखवीत. त्या उचलून थेट कलकत्त्यास नेल्याची कथाही तिकडे सांगतात.

कंपनी सरकारास १७६५ साली दिवाणी मिळाली आणि कागदाचे राज्य सुरू झाले. छोटानागपूरच्या राजाने बाहेरच्या जहागीरदारांना व ठेकेदारांना गावे तोडून दिली. आदिवासी त्यांना ‘दिकू’ म्हणत. ज्याच्याकडे कागद त्याची जमीन, हे न्यायालयाचे तत्त्व. आणि कागद होता तो दिकूंकडे. पाहता पाहता गाव वसविणारे आपल्याच गावात कुळे झाले आणि वेठबिगारीस जुंपले गेले. १८३१-३२ मध्ये कोलांचे बंड पेटले. १८५५ च्या ३० जूनला भोगनाडीह येथे सिदो व कान्हू मुर्मू यांनी संथाळांच्या ‘हूल’ची हाक दिली.

प्रत्येक बंडानंतर सरकारने एकच उपाय योजिला. तो मुलूख सर्वसाधारण कायद्यांतून वगळावयाचा आणि त्यावर एक खास अधिकारी नेमावयाचा. १८३३ साली छोटानागपूर असाच वेगळा काढण्यात आला. कॅप्टन विल्किन्सन यांनी १८३७ मध्ये कोल्हानातील हो जमातीच्या मानकी-मुंडा पद्धतीस मान्यता दिली. हुलनंतर संथाळ परगणा निर्माण झाला. १८७४ मध्ये अशा मुलखांसाठी अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा आला. हे उपाय अगदीच निष्फळ होते असे म्हणता येणार नाही; त्यांनी पुष्कळ जमीन वाचविली. तथापि त्या सर्वांमागील गृहीतक एकच होते: आदिवासी हा अजाण आहे, त्याला पालक हवा.

दोन धर्मगुरू आणि एक बंडखोर

१८८५ साली बेल्जियमचे येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स छोटानागपुरात आले. तोरपा येथे राहून त्यांनी तिथला जमीनकायदा समजून घेतला आणि आदिवासींच्या खटल्यांमध्ये त्यांना मार्गदर्शन करू लागले. वेठबिगारीची सक्ती कायद्याने कोठवर चालते आणि कोठे थांबते, हे कळल्यावर खेडुतांचा धीर वाढला. हजारोंच्या संख्येने लोक ख्रिस्तसभेत आले. सातच वर्षांत क्षयाने पोखरलेले लीव्हन्स मायदेशी परतले व १८९३ मध्ये निवर्तले.

त्यांच्या मागोमाग हॉफमान. त्यांनी मुंडारी भाषेचा व लोकजीवनाचा जो प्रचंड कोश रचावयास घेतला, तो त्यांच्या मृत्यूनंतर ‘एन्सायक्लोपीडिया मुंडारिका’ या नावाने अनेक खंडांत प्रसिद्ध झाला. खुंटकट्टी म्हणजे कुळवहिवाट नव्हे, ती मूळ स्वामित्वाची रीत होय, हे त्यांनी सरकारला सप्रमाण समजावून दिले. १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्यावर त्यांच्या या अभ्यासाची छाप आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये असा बांध या कायद्याने घातला. १९०९ मध्ये हॉफमान यांनी सहकारी पतसंस्था उभारली. सावकाराची पकड ढिली करण्याचा तो यत्न होता.

मग बाण का? याचे उत्तर ‘सरदारी लढाई’त सापडते. १८५८ पासून सुमारे चार दशके मुंडांचे सरदार अर्ज-विनंत्या करीत होते. त्यांचे मागणे कुळहक्काचे नव्हते. भूमी आमची आणि तिच्यावरचा कारभारही आमचा, हे त्यांचे म्हणणे होते. लुथरन असोत वा कॅथोलिक, मिशनरी कुळहक्कासाठी न्यायालयाची पायरी चढावयास तयार होते. पण कारभाराची मागणी त्यांना अवास्तव, किंबहुना राजद्रोहाची वाटली. सरदार मिशनपासून दुरावले. १८७५ मध्ये जन्मलेला आणि चाईबासाच्या लुथरन मिशनशाळेत शिकलेला बिरसा त्याच वातावरणात वाढला. सगळ्या साहेबांची टोपी एकच, असे त्याने म्हटल्याचे सांगतात. सरकारी साहेब आणि मिशनचा साहेब यांत त्याला फरक दिसेना.

हा आरोप हॉफमान यांच्यासारख्या साधुवृत्तीच्या माणसावर अन्याय करणारा आहे, असे आम्हांस वाटते. परंतु त्यातील सत्यांश नाकारता येत नाही. राखणदार कितीही प्रामाणिक असला, तरी दाराची किल्ली त्याच्याच कमरेला असते. पहिले महायुद्ध पेटताच ज्या सरकारावर हॉफमान यांनी विश्वास टाकला होता, त्याच सरकारने १९१५ मध्ये त्यांना, केवळ ते जर्मन होते म्हणून, भारताबाहेर काढले. मुंडांच्या राखणदारालाही कोणी राखणदार उरला नाही. बिरसा तर त्यापूर्वीच, ९ जून १९०० रोजी, रांचीच्या तुरुंगात मरण पावला होता. वय अवघे चोवीस.

मुंबई-पुण्यातला वाद

१९३५ च्या कायद्याने देशातील आदिवासी मुलूख ‘वगळलेले’ आणि ‘अंशतः वगळलेले’ अशा दोन वर्गांत विभागले. पश्चिम खानदेश, नाशिक व ठाणे या जिल्ह्यांतील काही भाग दुसऱ्या वर्गात आले, म्हणून हा विषय आपल्याही दाराशी येऊन ठेपला. ख्रिस्त सेवा संघात राहण्यासाठी १९२७ मध्ये पुण्यास आलेले व पुढे गोंडांमध्ये जाऊन राहिलेले व्हेरियर एल्विन यांचे म्हणणे असे की, बाहेरच्या जगाचा लोंढा थोपवून धरला पाहिजे, आदिवासींना आपल्या गतीने चालू द्यावे. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे आचार्य, मूळचे मालवणचे, गोविंद सदाशिव घुर्ये यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच. त्यांना उर्वरित समाजात मिसळू द्यावे. दोघांची पुस्तके १९४३ सालचीच. गांधीजींचे सहकारी ठक्करबाप्पा यांनी १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत याच विषयावर व्याख्यान दिले होते. आदिवासींना वेगळे कोंडून ठेवण्यास त्यांचा विरोध होता.

वेगळे ठेवावे की मिसळून घ्यावे? वाद मोठा विद्वत्तेचा झाला. पण दोन्ही पक्षांत आदिवासी हा कर्म होता, कर्ता नव्हता.

एकाच घटनेत दोन अनुसूची

कर्ता बोलला तो घटना समितीत. १९ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर जयपालसिंग बोलावयास उभे राहिले. खुंटीजवळच्या टकरा गावचे हे मुंडा. ऑक्सफर्डला शिकलेले, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, आणि १९३९ पासून आदिवासी महासभेचे अध्यक्ष. आपण ‘जंगली’ आहोत हे त्यांनी अभिमानाने सांगितले. आदिवासींना लोकशाही शिकविण्याची भाषा करू नका, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, अशा आशयाचे त्यांचे ते उद्गार होते. ठरावास मात्र त्यांनी मनापासून पाठिंबा दिला. शतकानुशतके नागविले गेलेल्यांच्या वतीने ते नव्या राष्ट्राच्या शब्दावर विश्वास टाकीत होते. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

त्यानंतर दोन उपसमित्या झाल्या. आसामच्या डोंगराळ मुलखासाठी गोपीनाथ बार्डोलोई यांची. तीत खासी जमातीचे ख्रिस्ती पाळक रेव्हरंड निकोल्स-रॉय हे सदस्य होते. उर्वरित भारतासाठी ठक्करबाप्पांची. तीत जयपालसिंग होते. पहिलीतून घटनेची सहावी अनुसूची आली, दुसरीतून पाचवी.

सहाव्या अनुसूचीने स्वायत्त जिल्हा परिषदा दिल्या. जमीन, वने, वारसा, विवाह, गावचा कारभार यांवर कायदे करण्याचा अधिकार, स्वतःची न्यायालये आणि काही कर बसविण्याची मुभा त्यांना मिळाली. पाचव्या अनुसूचीने अधिकार दिले ते राज्यपालांना. कोणता कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करू नये, हे त्यांनी ठरवावयाचे. साहाय्याला आदिवासी सल्लागार परिषद. मूळ मसुद्यात या परिषदेच्या सल्ल्याला जे वजन होते, तेही अखेरच्या मसुद्यात हलके झाले. सप्टेंबर १९४९ मधील चर्चेत जयपालसिंगांनी याबद्दल खेद व्यक्त केला.

एकाच देशात हा भेद का? डॉ. आंबेडकरांनी याचे कारण असे दिले की, इतरत्रचे आदिवासी बहुतांशी बहुसंख्य समाजाच्या चालीरीतींत मिसळले आहेत. आसामातील डोंगरी जमातींची मुळे मात्र त्यांच्या स्वतःच्या संस्कृतीतच आहेत. बाबासाहेबांविषयी पूर्ण आदर राखून असे म्हणावेसे वाटते की, खुंटकट्टी आणि मानकी-मुंडा पद्धती पाहता छोटानागपूर या निकषातही बसला असता. आसामच्या परिषदांनाही विरोध झालाच. यातून पाकिस्तानासारखे आदिवासिस्तान उभे राहील, अशी भीती सभागृहात बोलून दाखविली गेली. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, हे समजून घ्यावयास हवे.

राज्य आले, गाव थांबले

पाचव्या अनुसूचीचे राखणदार, म्हणजे राज्यपाल, बहुधा मंत्रिमंडळाच्याच सल्ल्याने चालले. खास अधिकार फार क्वचित वापरला गेला. दरम्यान धरणे आली, खाणी आल्या, कारखाने आले. जयपालसिंगांचा झारखंड पक्ष १९५२ मध्ये बिहार विधानसभेत प्रमुख विरोधी पक्ष ठरला. राज्य पुनर्रचना आयोगाने मात्र १९५५ मध्ये वेगळ्या राज्याची मागणी फेटाळली. राज्य मिळाले ते १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसाच्या जन्मदिनी. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच कोयल-कारो धरणास विरोध करणाऱ्या आदिवासींवर तोरपाजवळच्या तपकरा येथे २ फेब्रुवारी २००१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण प्राणास मुकले. लीव्हन्स यांनी जेथे खेडुतांना कायदा समजावून दिला, त्याच मुलखात हे घडले.

२०११ च्या जनगणनेनुसार झारखंडात आदिवासी २६.२ टक्के आहेत. राज्य वेगळे झाल्याने राजधानी जवळ आली, पण आदिवासी विधानसभेत अल्पसंख्यच राहिले. गावाच्या हाती गावाचा कारभार देणे हे वेगळेच काम आहे, आणि ते ‘पेसा’कडून अपेक्षित होते. दिलीपसिंग भुरिया समितीच्या १९९५ च्या अहवालातून हा कायदा आला. जिल्हा पातळीवर सहाव्या अनुसूचीच्या धर्तीवर रचना करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असेही त्यात लिहिले आहे. ते कलम बव्हंशी कागदावरच राहिले. खुद्द झारखंडात या कायद्याचे नियम दोन दशके उलटली तरी झाले नव्हते. आपल्या महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. येथे नियम झाले ते २०१४ मध्ये.

तेव्हा मुंडांनी पुन्हा दगडाकडे धाव घेतली. २०१७-१८ मध्ये खुंटी भागात गावोगाव शिळा उभ्या राहिल्या. त्यांवर घटनेतील व पेसातील तरतुदी कोरलेल्या होत्या. यालाच ‘पत्थलगडी’ म्हणतात. काहींनी या तरतुदींचा ताणून अर्थ लावला, शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे परत केली. ती चूकच होती. परंतु सरकारने शिळा उभारणाऱ्यांवर राजद्रोहाचे गुन्हे नोंदविले. पुढे २०१९ च्या डिसेंबरात नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय केला. देशाची घटना दगडावर कोरणाऱ्यावर राजद्रोहाचा आरोप यावा, याहून विचित्र प्रसंग तो कोणता?

राखणदाराचा उपयोगच नाही, असे कोणी समजू नये. १९०८ चा कायदा सैल करणारे विधेयक झारखंड विधानसभेने संमत केले, तेव्हा २०१७ मध्ये तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते परत पाठविले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्या स्वतः संथाळ. बांध टिकला. पण प्रत्येक वेळी योग्य माणूस योग्य जागी असेलच, या भरवशावर कोणत्या लोकसमूहाने जगावे?

राष्ट्र फुटते काय?

स्वायत्तता म्हणताच अनेकांस फुटीरतेचा वास येतो. इतिहास वेगळे सांगतो. मिझोराममध्ये १९६६ साली सशस्त्र बंड झाले. ते १९८६ च्या कराराने शमले. आणि त्या करारानंतर मिझोंच्या रूढींना व जमिनीला घटनेचेच संरक्षण मिळाले. ओरिसातील नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिला. बारा गावांच्या सभांनी, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, एकमुखाने नकार दिला. डोंगर राहिला आणि देशही राहिला.

आपल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणा सर्वश्रुत आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिचा पूर्वार्ध नीट वाचावा. दिल्लीचे सरकारही ‘आमचे’च आहे. या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. जयपालसिंग ज्या लोकशाहीविषयी बोलले होते, ती अशी.

स्वायत्त गाव आपोआप न्यायी होते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. मुंडांच्या रूढीत मुलीला जमिनीचा वारसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती रूढी रद्द केली नाही; मात्र जमिनीवर उपजीविका असलेल्या विधवांना व मुलींना तेथून हुसकता येणार नाही, असे सांगितले. गावाच्या हाती कारभार गेला, तर गावातील दुर्बळांचे काय, हा प्रश्न राहतोच. पण तो आपल्या गावांनाही आहे, आणि त्यासाठी आपल्या ग्रामपंचायती कोणी बंद केलेल्या नाहीत. १३ सप्टेंबर २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात आदिम लोकसमूहांचा स्वशासनाचा हक्क आणि देशाची अखंडता या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या आहेत. भारताने त्याच्या बाजूने मत दिले होते. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी सांगितलेले तत्त्वही हेच सुचविते : लहान समूह जे करू शकतो, ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये.

आमच्या त्या सहाध्यायाला आम्ही एकदा विचारले होते, “फादर हॉफमान यांच्याविषयी तुझ्या गावात काय बोलतात?” तो हसला. “फार मानतात. त्यांच्यामुळे आमची शेते राहिली. पण आजोबा म्हणायचे, ते आमच्या सभेत येऊन बसले असते, तर त्यांना मानाची जागा दिली असती, पाणी दिले असते आणि म्हटले असते, आता तुम्ही ऐका.”

ती सभा अजून भरते आहे. आपल्याला तेथे बोलावणे आले, तर बसावयास जागा मिळेल, पाणीही मिळेल. ऐकण्याची तयारी तेवढी आपण घरून नेली पाहिजे.